कातडं साहेबाचं, पोट कुशाबाचं

या, असे जवळ या. खांबाला टेकून बसलेल्या मंडळींनीही थोडं पुढं सरकावं, कारण ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हे. कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात आणि मग आख्यान लावतात. आपल्याला निरूपण जमायचं नाही, आपण मागं उभं राहून टाळ धरणारे. आख्यान मात्र सांगतो, आणि तेही आपल्या सावित्रीच्या काठचं. संपल्यावर तुमच्याकडं एक मागणं मागणार आहे. ते जड नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

पोलादपूरकडून महाडाकडं उतरताना सावित्री एके ठिकाणी डोंगराला कोपर मारून वळते. त्या वळणावर उंबरकोंड नावाची वाडी होती. तीस-एकतीस सालची गोष्ट. वाडीखाली नदीचा डोह, असा खोल की पावसाळा सरून सगळी नदी नितळ झाली तरी त्याचं पाणी काळंच राही. वरच्या अंगाला कोंडजाई देवीची घुमटी आणि पलीकडच्या काठाला वाळूचा लांब दांडा. थंडीच्या दिवसांत त्या दांड्यावर मगरी उन्हं खायला पडत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पुरात वाहून आलेले ओंडकेच पडलेत.

या डोहाचा जाणता माणूस म्हणजे कुशाबा. त्याचा वालाचा तुकडा दांड्याच्या अगदी समोर, अलीकडच्या काठाला. डुकरं राखायला माळ्यावर बसून बसून त्याला मगरींच्या साऱ्या खोडी कळल्या होत्या. कुठली कुठून वर चढते, वाळूवर पोट घासत गेलेली खूण ताजी की शिळी, टिटवी कुणाला बघून ओरडते आणि कुणाला बघून गप्प बसते, हे तो जेवता जेवता सांगे. म्हणून मुंबईचा कुणी शिकारी इकडं फिरकला की भागोजी त्याला कुशाबाच्याच अंगणात आणून उभा करी.

भागोजी वाडीतलाच, पण मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. त्यामुळं त्याची जीभ तीन वाटांना फुटली होती. घरच्यांशी घरची बोली, साहेबाशी हिंदुस्थानी, आणि मधूनच गुड म्हणे, शटाप म्हणे. बायका त्याला चिडवत की भागोजी सुट्टीवर आला की कोंबड्यालासुद्धा 'कमान' म्हणून हाक मारतो, आणि कोंबडा बिचारा कमान कुठं ती शोधत बसतो.

आजवर कुशाबानं शिकाऱ्यांना डुक्कर दाखवलं होतं, भेकर दाखवलं होतं. डोह मात्र कधी दाखवला नव्हता. डोह देवीचा, आणि डोहात जे आहे तेही देवीचं, असा वाडीचा शिरस्ता. तोच कुशाबा त्या साली दसऱ्याला भागोजीला बाजूला घेऊन म्हणाला, नाताळच्या सुट्टीत साहेबाला घेऊन ये, मी मगर दाखवतो. भागोजीला आधी थट्टा वाटली. मग त्यानं कुशाबाच्या तोंडाकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

कारण साऱ्या वाडीला ठाऊक होतं. आदल्या पौषात कुशाबाची एकुलती लेक आवडी भर दुपारी डोहावर गेली होती ती परत आली नव्हती. पलीकडं गुरं वळणाऱ्या एका माणसाला पाण्यावर हात दिसला, मग पाणी फुटल्याचा मोठा आवाज आला, आणि मग काही नाही. लोकांनी होड्या फिरवल्या, बांबूंनी तळ ढवळला. पोरीच्या लुगड्याची चिंधीसुद्धा लागली नाही.

देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, अशी आपल्यात वाट आहे. महाडच्या भटजींनी ती सांगितली. पण आवडीची आई राहीबाई उभी राहिली आणि म्हणाली, आधी देवीला विचारा.

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाची ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सोनबा गुरवाच्या घराण्याकडं हे काम पिढ्यान्‌पिढ्या. राहीबाईनं पदर पसरून विचारलं, "माझी आवडी घरला येल का?" सोनबानं पाकळ्या लावल्या. कुशाबा शेजारीच उभा होता आणि त्यानं स्पष्ट पाहिलं. डावी पाकळी सोनबानं अंगठ्यानं चांगली दाबून बसवली आणि उजवीला नुसता बोटाचा स्पर्श केला. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. उजवी पाकळी हा हा म्हणता खाली आली.

कुशाबा बोलला नाही. त्यालाही उजवीच हवी होती.

दया काही वाईट नसते, मंडळी. देवालाही आपण दयाळूच म्हणतो. पण माणसानं दयेपोटी सैल लावलेली पाकळी एकदा पडली की पडली, ती उचलून पुन्हा कोण लावणार? देवीनं 'येईल' म्हटल्यावर पुतळ्याला अग्नी कोण देणार? क्रिया तशीच राहिली. राहीबाई रोज एक भाकरी जास्त थापू लागली. दुपार झाली की डोहावरच्या कातळावर जाऊन बसायची, सांजावलं की उठायची, ती भाकरी गाईला घालायची. शेजारच्या येसूबाईनं एकदा तिला जवळ घेऊन म्हटलं की बाई गो, एकदा मोकळेपणानं रड तरी. तर ही शांतपणे म्हणाली, "जितीसाठी कोन रडतं, येसू?"

आणि कुशाबा? त्याला बसवत नसे आणि उठवत नसे. माळ्यावर चढायचा, लगेच उतरायचा. अर्धी मळणी बैलांच्या पायांखाली टाकून नदीवर जायचा, नदीवर पोचला की खळ्यावर काहीतरी राहिलंसं वाटून माघारी फिरायचा. हात सारखा कमरेला. जेवताना घास हातातच राही. त्याला एकच घोर लागला होता. वर्ष भरत आलं होतं. पोरीला अजून पाणी मिळालेलं नाही. ती त्या काळ्या पाण्यात फिरत राहणार आणि तिची आई काठावर. दोघींना सोडवायचं तर राहीबाईच्या डोळ्यांना काहीतरी दिसायला हवं, हातात घेता येईल असं, नाही म्हणता येणार नाही असं.

तसं एक काहीतरी त्याच्यापाशी होतं, आणि तीच त्याची खरी तगमग.

आवडीच्या हातांत चांदीचे गोठ होते, भरीव कडी, मामानं हौसेनं घातलेले. त्यातला एक चिंचेवर चढताना फांदीत अडकून वाकला आणि त्याचा सांधा उकलला. आईच्या भीतीनं पोरीनं तो गुपचूप बापाच्या हातात दिला. म्हणाली, "बा, आयेला बोलू नको हां. महाडातनं सरळ करून आन, मंग मी घालीन." बाप-लेकीचं हे गुपित. त्या पौषातल्या दिवशी कुशाबा महाडाला गेला होता तो सोनाराकडून तोच गोठ आणायला. सांध्याला डाग देऊन जोडलेला, सरळ केलेला गोठ कमरेला खोचून, पोरगी कशी हसेल याचा विचार करत तो वाडीच्या उताराला लागला, तर खाली काठावर माणसं जमलेली. आणि राहीबाई ज्याला त्याला सांगत होती, "दोनी हातांत गोठ व्हते माज्या पोरीच्या. दोनी हातांत."

म्हणजे वाकलेल्या गोठाचं हिला कळलंच नव्हतं तर. कुशाबानं मनाशी म्हटलं, आज नको, जरा सावरू दे, उद्या सांगू. असं करता करता त्या गोठाचं तोंडावर आणणंच राहिलं. चिंधीत बांधून त्यानं तो आढ्याच्या खोबणीत ठेवून दिला, पण हात अजून कमरेलाच जाई.

आता त्यानं मनाशी योजलं होतं ते असं. मगर मारायची. तिचं पोट फाडायचं. गोठ मुठीत धरून हात आत घालायचा आणि बाहेर काढून म्हणायचं, हा बघ. राहीबाई तो ओळखेल, एकदाची रडेल, पुतळ्याला अग्नी मिळेल, पोरगी सुटेल. लबाडी होती, पण ती कुणाच्या वाइटावर होती? असं तो स्वतःला विचारी. उत्तर दर वेळी बरोबर येई, आणि तरी जीव काही थाऱ्यावर येत नसे.

साहेब यायच्या आधी कुशाबा सोनबा गुरवाकडं गेला. डोहातल्या जनावराला हात लावायचा तर कौल हवाच. पण 'मगर मारू का' असं विचारायचा त्याला धीर होईना, देवीनं नको म्हटलं तर सगळंच बुडालं. मग त्यानं प्रश्न अर्धा केला. म्हणाला, विचार, साहेबाला वाट दाखवू का? सोनबानं डोळे मिटून दोन्ही पाकळ्या सारख्याच हातानं लावल्या. पाकळ्या पडता पडेनात. घुमटीत ऊन आलं, सरकलं. शेवटी उजवी सुटली.

"येवडंच इचारलंस?" सोनबानं विचारलं.

"येवडंच."

"मंग येवडंच कर," सोनबा म्हणाला, आणि पाणी शिंपडून निघून गेला.

नाताळात साहेब आला. उंच, उन्हानं लाल झालेला, बोलायला कमी. अंगणात भागोजीनं त्याच्यासाठी बाज टाकली. साहेबानं विचारलं की मगर दाखवल्याबद्दल ह्याला काय हवं. भागोजीनं ते इकडं आणलं. कुशाबा म्हणाला, "कातडं त्यांचं, पोट माजं. दुसरं काय नको." साहेबाला वाटलं, चरबी हवी असेल संधिवातावर, इकडं लावतात लोक. तो हसून हो म्हणाला. तेव्हा भागोजीनं घसा साफ केला आणि हिंदुस्थानीत त्याला खरं काय ते दोन वाक्यांत सांगितलं. साहेबानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यानं भागोजीमार्फत एवढंच विचारलं की हीच ती मगर असं ह्याला कसं ठाऊक. कुशाबा म्हणाला, ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठायच्या आत ते निघाले. आढ्यातला गोठ कमरेला खोचून कुशाबा पुढं, मागं साहेब, त्याच्या मागं दोरखंड खांद्यावर घेतलेला भागोजी. डोहाच्या बरंच वर जाऊन त्यांनी होडीनं नदी ओलांडली आणि पलीकडच्या काठानं करवंदीच्या जाळ्यांतून वाकून खाली येऊ लागले. कुशाबानं साहेबाची विडी विझवायला लावली, बुटांवर गोणपाट गुंडाळायला लावलं. साहेब निमूटपणे ऐकत होता. दांड्याच्या टोकाशी एक जुना पडका बांध होता, त्याच्याआड तिघं पोटावर पालथे झाले.

ऊन चढलं. वाळू तापायला लागली. पाण्यावर आधी नुसत्या दोन गाठी दिसल्या, डोळ्यांच्या. त्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मग एक थोराड मगर सावकाश वाळूवर आली, वर चढली आणि आपलं अंग टाकून दिलं. जबडा उघडा ठेवून पडली. साहेबानं बंदूक सरकवली. इतक्यात भागोजीला राहवलं नाही, तो साहेबाच्या कानाशी कुजबुजला, "शूट, साब." वरची टिटवी किंचाळत उठली आणि मगर वळून पाण्यात गेली, मागं नुसती ओली खूण.

कुशाबानं भागोजीच्या तोंडावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून पुन्हा वाट बघू लागला. साहेब कूस बदलत होता. कुशाबाला मात्र आतून कुणीतरी ढकलत होतं, ऊठ, घरी जा, हे नको. दुसरं कुणी म्हणत होतं, पडून राहा, वर्ष भरलं. कमरेचा गोठ अंगात रुतत होता. त्याला उगीच शिवरात्रीचं कीर्तन आठवलं. महाडात विरेश्वराच्या देवळात बुवांनी मगरीनं हत्तीचा पाय धरल्याचं आख्यान लावलं होतं. देव धावत आला, त्यानं हत्तीला सोडवलं, इथपर्यंत ठीक. पण बुवा म्हणाले, देवानं त्या मगरीलाही मोकळं केलं. सगळ्या देवळानं टाळी वाजवली होती. कुशाबानं नव्हती वाजवली. तिला कशापायी, असं त्याला वाटलं होतं.

मगर पुन्हा वर आली तेव्हा ऊन माथ्याकडं चाललं होतं. या खेपेला ती आडवी पडली, मान त्यांच्याकडं करून. कुशाबानं साहेबाच्या मनगटाला बोट लावलं आणि आपल्याच कानामागं दाखवलं. तिथं गोळी लागली तर जागच्या जागी, नाहीतर ती डोहात जाणार आणि तळाशी बसणार. साहेबानं श्वास रोखला. बार झाला, डोंगरानं तो दोनदा परतवला. मगरीचं शेपूट एकदा वाळूवर आपटलं, ती पाण्याकडं घसरली, अर्धी आत गेली. कुशाबा बांधावरून उडी मारून धावला होता. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यानं शेपटाला दोरीचा फास घातला आणि भागोजीला ओरडून ओढायला सांगितलं. शेपटाच्या शेवटच्या हिसक्यानं तो पडला, नाकातोंडात पाणी गेलं, पण दोरी सुटली नाही. बार ऐकून वाडीतले लोक होड्यांनी आले आणि सगळ्यांनी मिळून जनावर दांड्यावर ओढलं.

राहीबाईही आली. ती कातळावरून उठून कधी होडीत बसली ते कुणी पाहिलं नव्हतं. लोक आपोआप बाजूला झाले. ती मगरीच्या डोक्याशी वाळूत बसली आणि कुशाबाला म्हणाली, "फाडा."

साहेबाच्या चाकूनं कुशाबानं पोट चिरलं. तोंडावर वास आला तसे लोक मागं सरले, येसूबाईनं नाकाला पदर लावला. राहीबाई हलली नाही. कुशाबानं तिच्याकडं पाठ करून कमरेचा गोठ उजव्या मुठीत घेतला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. आधी दगडगोटे लागले, खंडीभर. ते डाव्या हातानं तो बाहेर टाकत गेला. मग कासवाच्या पाठीचे तुकडे. मग शेळीच्या गळ्यातली घंटा, तिच्यात वाळू भरलेली. उजवी मूठ आत तशीच मिटलेली. आता काढू, आता काढू, असं म्हणता म्हणता डाव्या हाताच्या बोटांना दगडांच्या सांदीत काहीतरी बारीक, गोल लागलं.

बाहेर काढून वाळूत घासलं. चांदीचं जोडवं होतं, पायाच्या बोटातलं.

आवडीचं लग्न झालेलं नव्हतं. तिच्या पायात जोडवी कुठली? वाडीतल्या सगळ्या बायका आपापल्या घरी सुखरूप होत्या. हे कुणा दुसरीचं होतं, वरच्या अंगच्या कुठल्यातरी गावच्या, कधी नेलेली कुणास ठाऊक.

राहीबाईनं हात पुढं केला. जोडवं तळव्यावर घेऊन तिनं पदरानं पुसलं, उन्हात धरलं. "किती झिजलंय बघा," ती म्हणाली. "लई वरसं संसार केलेली हाय कोन तरी. हिच्यासाठीबी बसलं असंल कोन काठावर." मग तिनं वर पाहिलं. "आनि काय हाय का आत?"

कुशाबाचा उजवा हात अजून मगरीच्या पोटात होता. बोटं उघडायची एवढंच काम. समोर सोनबा गुरव काठीवर हनुवटी टेकून उभा होता आणि त्याच्याकडंच बघत होता. येवडंच कर. कुशाबानं त्या उघड्या जनावराकडं पाहिलं. कुणाचं काय ते पोटात वागवत ही इतकी वर्षं या डोहात फिरत होती. आणि आपण? आपण दुसरं काय केलं वर्षभर?

त्यानं हात बाहेर काढला, मूठ तिच्यापुढं धरली आणि उघडली.

"हाय," तो म्हणाला. "पन ह्यो आतला नव्हं गो. ह्यो माज्याजवळ व्हता."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. चिंचेची फांदी, पोरीचं गुपित, महाडचा सोनार, उतारावरून येताना ऐकलेलं तिचं बोलणं, आढ्याची खोबण. आज काय करायला निघालो होतो तेही सांगितलं. सांगताना तो खाली वाळूकडं बघत होता. साहेबानं भागोजीला खुणेनं विचारलं, काय म्हणतो? भागोजीला तिन्ही भाषांत काही सुचलं नाही.

राहीबाईनं गोठ घेतला आणि नखानं सांधा चाचपला. नवा डाग हाताला लागला.

"मला ठावं व्हतं तिच्या हातात येकच हाय," ती म्हणाली. आवाज अगदी खाली. "सकाळच्याला भांडी घासताना तिचा एक हात मोकळा दिसला. इचारलं तर बोलंना. मला वाटलं, नदीवर पाडून आली. म्हनलं, जा, हुडक, नि गोठ गावल्याबिगर घरात पाय ठेवू नको. लोकांना दोन सांगितले ते माजं बोलनं लपवायला. मी धाडली तिला, अवो. नि ती गेली, तुमचं नाव नको घ्यायला म्हनून गेली."

कुशाबा तिच्या शेजारी वाळूत बसला.

"आनि आज ह्यो पोटातनं निघता," राहीबाई गोठ उराशी धरून म्हणाली, "तर मी जनमभर म्हनली असते, पोरीला गोठ गावला व्हता, घेऊन घरलाच येत व्हती. बरं केलं. बरं केलं तुमी."

आणि मग ती रडली. वर्षाचं साचलेलं रडू ते. येसूबाई तिच्याजवळ जाऊन बसली. साहेबानं तोंड वळवलं. थोड्या वेळानं सोनबा गुरव काठी टेकत पुढं आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की गेल्या वर्षीचा कौल देवीचा नव्हता, त्याच्या हाताचा होता, उजवी पाकळी त्यानं सैल लावली होती. राहीबाईनं मान वर न करताच त्याला सांगितलं, "ठावं हाय, सोनबा. तुजा आंगठा मीबी पायला व्हता."

असं हे. ज्यानं त्यानं पाहिलेलं आणि जो तो गप्प बसलेला. साहेबानं कातडं नेलं, ठरलं होतं तसं. बाकीची मगर लोकांनी वाळूतच पुरली. कुशाबानं स्वतः खड्डा खणला आणि वर दगड ठेवले. जाताना त्यानं तिला हात जोडले. त्या शिवरात्रीची राहिलेली टाळी म्हणा हवं तर.

वर्ष भरायच्या आत त्याच दांड्यावर दर्भाचा पुतळा केला. राहीबाईच्या सांगण्यावरून दोन केले. भटजींनी पहिलीचं नाव आणि गोत्र विचारलं, कुशाबानं सांगितलं. दुसरीचं विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडं बघू लागले. राहीबाई म्हणाली, "नाव नाय ठावं. आवडीसंगतीनं आलेली, म्हना." भटजींनी तसंच म्हटलं. गोठ राहीबाईनं डोहात सोडला. जास्तीची भाकरी त्या दिवसापासून थापली नाही.

जोडवं मात्र तिनं पाण्यात सोडलं नाही. कोंडजाईच्या घुमटीत खुंटीला दोरा बांधून टांगून ठेवलं. न जाणो, कुणी शोधत आलं तर दिसायला हवं. कुशाबाची तगमग तशी कमी झाली, पण पुरती गेली नाही. पोलादपूरकडचा कुणी वाटसरू वाडीवरून जाताना दिसला की हातातलं काम टाकून तो त्याला गाठायचा, पाणी द्यायचा आणि विचारायचा की तुमच्याकडची कोणी बाई मागं नदीवर गेली होती का, न परतलेली. लोक आठवून बघत आणि नाही म्हणत. तो त्यांना थोडं पुढपर्यंत पोचवायला जाई आणि वाटेत पुन्हा विचारी. म्हातारपणी पाय चालेनासे झाले तेव्हा उंबरठ्यावर बसून विचारायचा. जोडवं न्यायला कुणी आलं नाही.

आता माझं मागणं. महाडच्या पुलावरून जाल, खाली सावित्रीचं पाणी दिसेल, तेव्हा हात जोडताना आवडीची आठवण करा. तिचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. आणि तिच्याबरोबर तिचीही करा, जिचं जोडवं संसारात झिजून गेलं होतं आणि जिचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. आवडीसंगतीनं आलेली म्हणा. पोचतं.